बाळ एक, वह्या तीन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, गडचिरोली
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, चंद्रपूर



हे पत्र मंत्र्यांना किंवा सचिवांना न लिहिता मुद्दाम आपल्याला लिहिते आहे. जिल्हा आरोग्य अधिकारी आपल्या अखत्यारीत काम करतात आणि महिला व बालकल्याण विभागही आपल्याच अखत्यारीत आहे. मुंबईत हे दोन निराळे विभाग आहेत, त्यांचे मंत्री निराळे, सचिव निराळे. जिल्ह्यात मात्र आशाताई, आरोग्य सेविका आणि अंगणवाडीताई या तिघींच्या कामाचे कागद शेवटी आपल्या एका टेबलावर येतात. ओल्या बाळंतिणीच्या घरी कोण जाते, केव्हा जाते आणि तिथे जे दिसले ते पुढे कोणाला सांगते, एवढ्याच गोष्टीविषयी मला बोलायचे आहे. ही गोष्ट आपल्या सहीने बदलू शकते.

धानोरा तालुक्यातला एखादा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, डोळ्यांसमोर आणा. बाळंतीण दवाखान्यातून दोन-तीन दिवसांनी घरी आली. आशाताई येते. बाळाला झोळीत घालून वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, नाळ पाहते, बाळ अंगावर कसे पिते ते बघते आणि आपला फॉर्म भरते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीची एक भेट अधिक. मधल्या काळात अंगणवाडीताई येते. तिला बाळंतिणीला अमृत आहाराचे ताट सुरू करायचे असते, पोषण ट्रॅकरवर नोंद चढवायची असते. तीही वजन करते. आरोग्य सेविका उपकेंद्रातून लसीकरणाच्या दिवशी येते. तिचे रजिस्टर आणखी वेगळे.

समजा, आशाताईच्या काट्यावर सातव्या दिवशी बाळ दोन किलो शंभर ग्रॅम भरले आणि विसाव्या दिवशी अंगणवाडीताईच्या काट्यावर दोन किलो. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, हे खरे. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र ते चढायलाच हवे. विसाव्या दिवशी शंभर ग्रॅम कमी म्हणजे धोक्याची घंटा. ती कोणालाच ऐकू येत नाही, कारण सातव्या दिवसाचा आकडा एका वहीत आहे आणि विसाव्या दिवसाचा दुसरीत. कोणी काम चुकवलेले नाही. तिघींच्याही नोंदी पूर्ण आहेत, अहवाल वेळेवर गेले आहेत. तरीही बाळ खालावत चालले आहे, हे त्यांच्यापैकी एकीलाही कळलेले नाही.

आपल्या भागाला हे नव्याने सांगावे लागावे याचे मला वाईट वाटते, कारण नवजात बाळ घरच्या घरी वाचवता येते हे जगाला दाखवले ते गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये या जिल्ह्यातल्या ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ बाळांवर महिनाभर नजर ठेवली. त्यांतली ९५ टक्के बाळे घरीच जन्मली होती. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरांनी पाहिलेली बाळे होती २.६ टक्के, आणि दवाखान्यात भरती झालेली ०.४ टक्के. म्हणजे शंभरांतली चोपन्न आजारी आणि त्यांतल्या जेमतेम दोन-तीन बाळांना डॉक्टरांचे दर्शन. तेव्हा मग डॉक्टरांची वाट पाहत न बसता गावातल्याच बायांना शिकवण्यात आले. आरोग्यदूत म्हणून त्या घरोघर जाऊ लागल्या. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधाने सांगितले की या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर उतरला होता. शेजारच्या ४७ तुलनेच्या गावांत तो ५८ चा ५९.६ झाला होता. पुढे याच अनुभवावर उभे राहून २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरी भेट देण्याची संयुक्त शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत हा कार्यक्रम देशभर नेला.

हे आकडे आपल्याकडे भाषणांत नेहमी येतात. त्यांच्या पोटात जी गोष्ट आहे ती क्वचितच सांगितली जाते. आरोग्यदूत एकटी नव्हती. बाळंतपणाच्या वेळी सुईण आणि आरोग्यदूत दोघी हजर असत. सुईण आईकडे पाही, आरोग्यदूत बाळाकडे. जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळांच्या बाबतीत या जोडीने काय केले, त्याचा हिशेब २००५ मध्ये प्रसिद्ध झाला: एकट्या सुईणीच्या काळाशी तुलना करता श्वास कोंडून होणारे मृत्यू ६५ टक्क्यांनी घटले. बाळंतपण तेच, घर तेच, सुईणही तीच. तिच्या शेजारी दुसरी शिकलेली बाई उभी राहिली, तिच्या हातात फुगा आणि मास्क होता, आणि कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले होते.

जंतुसंसर्गाचेही तसेच. रडणे मंदावणे, दूध ओढणे कमी होणे, हातपाय सैल पडणे, अंग गार लागणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, अशी सात लक्षणे निवडली होती. त्यांतली कोणतीही दोन एका वेळी दिसली की आरोग्यदूत उपचाराला लागत असे. या यादीतली काही लक्षणे आईनेच सांगायची आहेत. ‘कालपासून हा नीट पीत नाही’ हे तिचे वाक्य निदानाचा भाग धरले गेले. आणि आरोग्यदूताच्या मागे पर्यवेक्षक होता, जो ठरावीक दिवसांनी गावात येऊन तिची वही तपासत असे, तिच्याबरोबर बाळाकडे जात असे आणि चुकले तर तिथेच दाखवून देत असे. त्याच्याही मागे डॉक्टर होते. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले, ते या संपूर्ण साखळीमुळे. आई, सुईण, आरोग्यदूत, पर्यवेक्षक, डॉक्टर, सगळे एकाच बाळाविषयी एकमेकांशी बोलत होते.

सरकारने यातून भेटींचे दिवस घेतले, फॉर्म घेतले, झोळीकाटा आणि थर्मामीटर घेतले. हे चांगलेच झाले. मात्र एकमेकांशी बोलणे फॉर्ममध्ये बसत नाही, त्यामुळे ते सुटले असावे.

याचे सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे जंतुसंसर्गावरचे जेंटामायसिनचे इंजेक्शन. आरोग्यदूत स्वतः इंजेक्शन देत असत. सरकारी कार्यक्रमात आशाने इंजेक्शन द्यायचे नाही; पण २०१४ मध्ये केंद्राने सूचना काढली की बाळाला जंतुसंसर्गाची लक्षणे असतील आणि दवाखान्यात नेणे शक्यच नसेल, तर आरोग्य सेविकेने ते द्यावे. ही सूचना जणू भामरागडसाठीच लिहिली आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी वाहते आणि पलीकडची गावे तुटतात. अशा दिवसांत बाळाचे दूध पिणे मंदावले, तर ते आधी आशाताईला दिसणार. औषध मात्र आरोग्य सेविकेच्या हाती. दोघींमध्ये ओळख, विश्वास आणि रोजचे बोलणे असेल, तरच ते इंजेक्शन वेळेवर बाळापर्यंत पोहोचेल. आशाताईने निरोप दिला आणि पलीकडून ‘तुला काय कळते, डॉक्टर आहेस का?’ असे उत्तर आले, की पुढच्या वेळी ती निरोप देणार नाही. अहवालात या प्रसंगाला रकाना नाही. साखळी तुटते ती इथे.

म्हणून माझी पहिली विनंती. बाळ घरी आल्यानंतरची पहिली भेट तिघींनी मिळून द्यावी. सगळ्या सहा भेटी एकत्र देणे कोणालाच शक्य नाही. आरोग्य सेविकेकडे अनेक गावे असतात, हे मी जाणून आहे. ती एखाद्या वेळी पोहोचू शकली नाही तर निदान आशाताई आणि अंगणवाडीताई यांनी तरी बरोबर जावे, आणि आरोग्य सेविकेशी त्या घरातूनच फोनवर बोलावे. जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे चिठ्ठी पाठवावी. एकाच काट्यावर एकदा वजन व्हावे. बाळ अशक्त असेल तर पुढच्या भेटी कोणी कोणत्या दिवशी द्यायच्या हे बाळंतिणीसमोर, तिच्या सासूसमोर ठरावे. सासू हा शब्द मी सहज लिहीत नाही. पहिला चीक पाजायचा की नाही, बाळाला न्हाऊ केव्हा घालायचे, शेगडी किती जवळ ठेवायची, हे बहुतेक घरांत तीच ठरवते. आशाताई एक सांगते आणि अंगणवाडीताई दुसरे, असे झाले की सासू दोघींचेही ऐकत नाही. तिघींनी तिच्या समोर बसून एकच गोष्ट सांगितली तर ती ऐकण्याची शक्यता वाढते. सुईणही अजून गावात आहे. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली तरी बाळाला तेल लावायला आणि बाळंतिणीला शेकायला घराघरात तीच जाते. घराबाहेरच्यांपैकी रोज बाळाचे उघडे अंग पाहणारी ती एकटी आहे. तिला सांगून ठेवले की अंग गार लागले तर आशाताईला हाक मार, तर ती मारेल. कुठे कुठे आजारी बाळ आधी पुजाऱ्याकडे नेले जाते. त्यालाही हीच खूण सांगता येईल.

दुसरी गोष्ट वहीची. बाळंतिणीच्या घरी माता-बाल संरक्षण कार्ड असते. ते आईकडे असते, कार्यालयात जात नाही. तिघींनी वजन आधी त्या कार्डावर लिहावे आणि मग आपापल्या वहीत, ॲपवर उतरवावे, एवढा आपला आदेश पुरेल. ॲप बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मला ठाऊक आहे. कार्डावरचा आकडा खरा धरा, एवढे आपण सांगू शकता. मग विसाव्या दिवशी अंगणवाडीताईला सातव्या दिवसाचे वजन डोळ्यांसमोर दिसेल.

आता माहेरचा प्रश्न. आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते. कोरचीची लेक कुरखेड्याला नांदते, मूलची लेक सिंदेवाहीला. नोंदणी सासरच्या गावी, बाळंतपण माहेरच्या दवाखान्यात, आणि पंधराव्या-विसाव्या दिवशी ती कधी सासरी परतते हे दोन्हीकडच्या आशांना कळत नाही. नेमके धोक्याचे दिवस दोन गावांच्या मध्ये सांडतात. जिल्हा बदलला तर विचारायलाच नको; ब्रह्मपुरी आणि वडसा यांच्यामध्ये फक्त वैनगंगा आहे, कागदावर मात्र ते दोन जिल्हे आहेत. म्हणूनच हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहिले आहे. शिवाय हिवाळ्याअखेरीस कित्येक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, तान्ही बाळेही बरोबर जातात. गावातून बाळ गेले तर कुठे गेले, आणि आले तर कुठून आले, हे एका आशाने दुसरीला कळवणे कामाचा भाग मानला पाहिजे. आज ते तिच्या भल्या स्वभावावर सोडले आहे.

दवाखान्यातून घरी येतानाही असाच खंड पडतो. कमी वजनाचे किंवा आजारी बाळ नवजात अतिदक्षता कक्षातून सुट्टी मिळून घरी येते, तेव्हा त्याची सगळ्यांत जास्त काळजी घ्यायला हवी. गडचिरोलीचे महिला व बाल रुग्णालय, अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय, चंद्रपूरचे वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी कोणतेही आपल्या जिल्हा परिषदेखाली येत नाही. गाव मात्र येते. जिल्हा शल्यचिकित्सक आणि अधिष्ठाता यांच्याशी बसून एवढे ठरवा की बाळाला सुट्टी देताना कक्षातल्या सिस्टरने त्या गावच्या आरोग्य सेविकेला फोन करावा: वजन किती, काय झाले होते, कोणते औषध, केव्हा परत आणायचे. दोन मिनिटांचे बोलणे. १०२ ची गाडी आईला घरी सोडायला येते, तिच्याबरोबर निरोपही यावा.

भाषेचाही विचार व्हावा. भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंचात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली, जिवतीच्या डोंगरात कोलामी आणि गोंडी. बदलीवर नागपूर-वर्ध्याकडून आलेली आरोग्य सेविका मनाने कितीही चांगली असली, तरी माडिया आईला ‘बाळ नीट पिते का?’ विचारले आणि तिने मान डोलावली, तर त्या मानेचा अर्थ तिला कळेलच असे नाही. गावातल्या आशाताईला कळतो. काही माडिया घरांत बाळंतीण काही दिवस वेगळ्या झोपडीत राहते. तिथे कोणी, कसे जायचे हेही गावच्याच बाईला माहीत असते. तिच्याशिवाय ही भेट नुसती हजेरी ठरते. आणि ताडोबाच्या भोवतालच्या, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या गावांत वाघाच्या भीतीने संध्याकाळनंतर एकटी बाई एका टोल्यावरून दुसऱ्या टोल्यावर जाऊ शकत नाही. दोघींनी मिळून जाण्याला तिथे सुरक्षेचेही कारण आहे.

पैशांविषयी स्पष्ट बोलायला हवे. या सगळ्या भेटींचे आशाताईला मिळतात २५० रुपये. २०११ च्या केंद्रीय सूचनांत त्या मोबदल्याला ज्या अटी घातल्या, त्यांत ४२ व्या दिवसापर्यंत आई आणि बाळ सुखरूप असणे हीही एक अट होती. मला ही अट आजही अस्वस्थ करते. जिने अशक्त बाळासाठी चार वेळा रानातली वाट तुडवली आणि तरी बाळ गेले, तिच्या श्रमाची किंमत शून्य कशी? अशा अटी मृत्यू लपवायला शिकवतात, आणि मृत्यू नोंदीबाहेर राहणे आपल्याकडे जुनेच आहे. २००१ मध्ये डॉ. बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले होते की महाराष्ट्रातले प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत. २०२३-२४ च्या हिवाळ्यात आधी अंगणवाडीताई आणि मग आशाताई संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांकडे पगारवाढीचा हट्ट म्हणून पाहणारे पुष्कळ होते. मी त्यांच्या बाजूची आहे. मोबदल्याचा दर आपण बदलू शकत नाही. पण केलेल्या भेटीचा पैसा बाळ गेल्यावरही मिळावा, यासाठी आपण शासनाकडे लिहू शकता, आणि जो पैसा मंजूर आहे तो महिनोन्महिने अडणार नाही हे पाहू शकता.

शेवटची विनंती बैठकीची. बैठका आपल्याकडे कमी नाहीत. आदिवासी भागासाठीच्या, १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेतही समन्वयाच्या बैठका आहेतच. मी मागते आहे ती वेगळ्या प्रकारची. महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आशा, अंगणवाडीताई, आरोग्य सेविका आणि आशांचे काम पाहणाऱ्या गटप्रवर्तक यांना गोल बसवावे आणि त्या महिन्यातल्या कमी वजनाच्या एकेका बाळाविषयी बोलावे. कोणत्या दिवशी काय दिसले, कोणाला सांगितले, पुढे काय झाले. बाळ दगावले असेल तर त्याच्याविषयीही, कोणालाही नोटीस न काढता. ज्या बैठकीत नोटीस मिळते, तिथे खरे कोणी बोलत नाही. डॉक्टरांनी त्या दिवशी आधी आशाताईचे ऐकावे आणि मग बोलावे. तिने जे पाहिले ते त्यांनी पाहिलेले नाही.

यासाठी नवे पद नको, नवी योजना नको, मुंबईच्या शासन निर्णयाची वाट पाहायला नको. दोन्ही जिल्ह्यांतले एकेक प्राथमिक आरोग्य केंद्र निवडा. मला विचाराल तर भामरागडकडचे एक आणि जिवतीकडचे एक, कारण जिथे अवघड आहे तिथे जमले तर पुढे सगळीकडे जमेल. मेअखेरीस तेंदूपत्ता आटोपतो, माणसे घरी परततात. नद्या भरायच्या आत तिघींची एकत्र पहिली भेट, कार्डावरची एकच नोंद आणि दवाखान्यातून गावाला जाणारा फोन, या तीन गोष्टींचे लेखी आदेश निघावेत, आणि दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य व महिला-बालकल्याण समित्यांसमोर त्यांची प्रत ठेवावी, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
झाडीपट्टीतील एक निवृत्त शिक्षिका